जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर : टॅली, मेल, मराठी फाँट आणि पासवर्ड मागे न ठेवता

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतलं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस. जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज १० आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. साधारण २२० जीबी भरलेली. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, ५१२ जीबी एसएसडीचा. जुन्यावर हिशेबाचं टॅलीप्राइम, पीओपी खात्याचं (मेल मशीनवरच उतरवून घेणारं) आउटलुक, श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या मराठी फाँटांत टाइप केलेली पत्रं, दोन डीएससी टोकन (डिजिटल सहीच्या यूएसबी), आणि क्रोममध्ये साठवलेले अशिलांचे लॉगिन. ‘सगळं जसंच्या तसं नव्यावर हवंय. डिस्कच क्लोन करून टाकू का?’

क्लोन करू नका. क्लोन म्हणजे आख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, तीत जुनं विंडोज १० सुद्धा सोबत येतं, आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय जुन्या डेस्कटॉपची डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या मांडणीची असते, नवा लॅपटॉप युईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) यांवर चालतो. स्टोरेजचा ड्रायव्हर (डिस्क चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळा, त्यामुळे पहिल्याच बूटला निळा स्क्रीन येण्याची शक्यता मोठी. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज ११ चं लायसन्स वाया घालवून वर्षानुवर्षांचा कचराही सोबत आणायचा, यात फायदा काहीच नाही.

फाइली नेणं हे यातलं सोपं काम आहे. अडतं ते फाइल म्हणून डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टींत : पासवर्ड, लायसन्स, मेलच्या सह्या, फाँट. यातल्या बऱ्याच गोष्टी जुनं मशीन चालू असताना, तुमच्याच लॉगिनमधून काढल्या तरच निघतात; डिस्क बाहेर काढून दुसरीकडे जोडली की निघत नाहीत. म्हणून या कामाचा दोन तृतीयांश भाग जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून करायचा असतो. नवा लॅपटॉप तोवर खोक्यात राहिला तरी चालेल.

विंडोज ७ मध्ये ‘ईझी ट्रान्सफर’ नावाची सोय होती, विंडोज १० मध्ये ती काढली. आताचं ‘विंडोज बॅकअप’ प्रत वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात) ठेवतं आणि तिथे फुकट जागा ५ जीबी. वॉलपेपर आणि वाय-फायचे पासवर्ड यायला तेवढी पुरते, २२० जीबीच्या ऑफिसला नाही. तेव्हा हातानंच करू.

आधी डिस्कची तब्येत

कॉपी सुरू करण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा. तीन ओळींकडे लक्ष द्या : ०५ (बदली केलेले सेक्टर), सी५ (वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर) आणि सी६ (दुरुस्त न होणारे). तिन्हींचा रॉ आकडा शून्य असेल तर निवांत पुढे जा. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे असं धरा आणि क्रम बदला : आधी टॅलीचा डेटा, मग आउटलुकची फाइल, मग डॉक्युमेंट्स, आणि फोटो-व्हिडिओ सगळ्यात शेवटी. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ दुरुस्तीचा पर्याय देऊन चालवण्याचा मोह टाळा. तो आधीच दमलेल्या डिस्कला तासन् तास घासायला लावतो, आणि कॉपी काढण्याआधी ती बसली तर मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावं लागतं.

मध्ये एक एक्स्टर्नल डिस्क लागेल, किमान ५०० जीबी. तिचा फॉरमॅट एनटीएफएस असू द्या. जुन्या पेन ड्राइव्हवर असतो तसा फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल बहुतेक वेळा नेमकी तिथे अडते आणि ‘जागा शिल्लक असताना मोठी का म्हणतोय’ असा गोंधळ होतो. डेस्कटॉपच्या पुढच्या काळ्या पोर्टला लावू नका, मागचा निळा किंवा ‘एसएस’ खूण असलेला पोर्ट शोधा. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे २२० जीबीला दोन तास. यूएसबी ३ वर मोठ्या फाइलींचं काम पाऊण तासात होतं. लहान लहान फाइली हजारोंनी असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो, कारण फिरत्या डिस्कचा वेळ वाचण्यापेक्षा शोधण्यात जातो.

कुठे काय दडलेलं असतं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरं सगळ्यांना ठाऊक असतात. ती सी ड्राइव्हमधल्या ‘युजर्स’ फोल्डरात तुमच्या नावाखाली असतात. लोक तेवढं उचलतात आणि तीन ठिकाणं विसरतात.

पहिलं, त्याच ‘युजर्स’मधलं ‘पब्लिक’. टॅली आपला डेटा बहुतेक वेळा तिथे ठेवतं, तुमच्या नावाच्या फोल्डरात नाही. दुसरं, लपवलेलं ‘ॲपडेटा’ फोल्डर. ते बघायला फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटेम्स’वर टिक करा. आउटलुकच्या सह्या, वर्डची साचा फाइल, स्टिकी नोट्स आणि ब्राउझरची प्रोफाइल सगळं तिथे. तिसरं, सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेलं, तेही लपवलेलं ‘प्रोग्रामडेटा’. बिलिंगची, दवाखान्याची, पॅथॉलॉजी लॅबची सॉफ्टवेअरं आपला डेटाबेस तिथे किंवा थेट ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवतात. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रामचा डेटा असेल तर चालू स्थितीतली डेटाबेसची मूळ एमडीएफ फाइल उचलू नका, ती वापरात असल्यामुळे कॉपी होतच नाही. सॉफ्टवेअरच्या मेनूतून ‘बॅकअप’ घ्या आणि तयार झालेली ‘बॅक’ (बीएके) फाइल न्या. नव्यावर एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती जुन्याइतकी किंवा त्याहून वरची हवी. खालच्या आवृत्तीत बॅकअप परत बसत नाही.

‘प्रोग्राम फाइल्स’मधून वर्ड किंवा टॅलीचं फोल्डर उचलून नव्यावर ठेवलं की चालेल, हा समज अजून बराच आहे. इन्स्टॉलेशनचा मोठा भाग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत), सर्व्हिसेसमध्ये (मागे चालणाऱ्या प्रोग्रामांत) आणि लायसन्सच्या नोंदीत असतो. प्रोग्राम नव्यानंच टाकावे लागतात. त्यासाठी ‘ॲप्स अँड फीचर्स’ची यादी उघडा, फोनवर स्क्रीनचे फोटो काढा, आणि प्रत्येकाच्या पुढे लायसन्सची की किंवा नोंदणीचा मेल कुठे आहे ते लिहा. अर्ध्या नावांची नव्यावर गरजच नाही, हेही त्याच वेळी कळतं.

वनड्राइव्ह चालू असेल तर एक गोष्ट आधी तपासा. फाइलीच्या बाजूला निळ्या ढगाची खूण असेल तर ती फाइल त्या मशीनवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ म्हणा, हिरवी टिक येईपर्यंत थांबा, मग कॉपी करा.

कॉपी

ओढून टाकण्यापेक्षा रोबोकॉपी बरी. ही कॉपीची कमांड विंडोजमध्येच आहे. एक्सप्लोररमधून २२० जीबी ओढले की कुठल्या तरी फाइलीवर विंडो अडते, रात्रभर ‘रीट्राय की स्किप’ विचारत राहते, आणि सकाळी नेमकं काय आलं नि काय राहिलं याचा हिशेब लागत नाही. २६० अक्षरांपेक्षा लांब पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) असलेल्या फाइलींवरही एक्सप्लोरर अडखळतो. ‘ग्राहकाचं नाव, वर्ष, नोटीस, उत्तर, अंतिम, अंतिम नवीन’ अशी फोल्डरात फोल्डर असली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रोबोकॉपीला त्याचा त्रास नाही.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. कमांडची रचना अशी (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं) : रोबोकॉपी, मग अवतरण चिन्हांत मूळ फोल्डर, मग अवतरण चिन्हांत एक्स्टर्नल डिस्कवरचं फोल्डर, आणि पुढे /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ /लॉग: आणि लॉग फाइलचा पाथ.

‘ई’ म्हणजे रिकाम्यांसकट सगळी आतली फोल्डरं. ‘एक्सजे’ विसरू नका. ॲपडेटामध्ये जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी ठेवलेले जोडरस्ते असतात, त्यातला एक फिरून स्वतःकडेच येतो. ‘एक्सजे’ नसेल तर रोबोकॉपी त्यात शिरून ॲप्लिकेशन डेटाच्या आत ॲप्लिकेशन डेटा असं खोदत बसते आणि डिस्क भरते. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे किती वेळा पुन्हा प्रयत्न आणि मध्ये किती सेकंद थांबायचं. हे दिले नाहीत तर ठरलेला आकडा दहा लाख प्रयत्न आणि प्रत्येकी ३० सेकंद. एका खराब सेक्टरवर कमांड लटकली असं वाटतं ते त्यामुळे.

दोन खाचखळगे. फोल्डरच्या नावाशेवटी बॅकस्लॅश देऊन लगेच अवतरण बंद केलं तर कमांड पाथ चुकीचा वाचते. शेवटचा बॅकस्लॅश गाळा. आणि पूर्ण डी ड्राइव्ह एखाद्या फोल्डरात घेतला की ते फोल्डर कॉपीनंतर दिसेनासं होतं, कारण ड्राइव्हच्या मुळाचे ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ हे गुण त्याला चिकटतात. डेटा तिथेच असतो. कमांडला /ए-:एसएच जोडलं की हा प्रश्न येत नाही. नेटवर अनेक ठिकाणी ‘मिर’ हा स्विच (कमांडला जोडायचा पर्याय) सुचवलेला दिसेल. तो मूळ ठिकाणी नसलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या बाजूनं पुसतो. मूळ आणि मुक्काम उलटे लिहिले गेले तर काय होईल याचा विचार करा आणि तो स्विच या कामात वापरू नका.

सुरू करण्यापूर्वी आउटलुक, क्रोम, टॅली आणि वनड्राइव्ह बंद करा. उघड्या प्रोग्रामांच्या फाइली कुलूपबंद असतात. संपल्यावर लॉग फाइलच्या शेवटी एक तक्ता येतो, त्यात ‘फेल्ड’ नावाचा रकाना बघा. ‘एनटीयूजर’ नावाच्या काही फाइली तिथे हमखास दिसतील. ती चालू लॉगिनची रजिस्ट्री आहे, तिची गरज नाही. बाकी काही फेल झालं असेल तर लॉगमध्ये नाव सापडेल. मग तीच कमांड शेवटी /एल जोडून पुन्हा चालवा. यावेळी काही कॉपी होत नाही, फक्त काय उरलंय ते दाखवलं जातं. डॉक्युमेंट्समधलं एकही नाव त्या यादीत नसलं पाहिजे.

झिप करून नेण्याचा विचार असेल तर विंडोजचं आतलं झिप टाळून सेव्हन-झिप वापरा. देवनागरी नावांच्या फाइलींना विंडोज ७ चं झिप चक्क नकार देत असे, आणि जुन्या झिप प्रोग्रामांत ती नावं उलगडताना बिघडतात.

मराठी फाँट

नव्या लॅपटॉपवर पत्र उघडलं आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चिन्हांची भेळ दिसली, तर फाइल बिघडली असं समजून पुन्हा टाइप करायला बसू नका. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटांत फाइलमध्ये साठवलेलं असतं ते खरोखर इंग्रजी अक्षरांचेच सांकेतिक क्रमांक. ‘क’चं चित्र त्या क्रमांकावर फाँट बसवतो. फाँट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं तसं नाही, तिथे फाँट नसला तर दुसरा कुठला तरी देवनागरी फाँट त्याची जागा घेतो.

जुन्या मशीनवर फाँट दोन जागी असतात. एक, विंडोज फोल्डरातलं ‘फाँट्स’. दोन, विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या ‘इन्स्टॉल’ने टाकलेले फाँट ॲपडेटामध्ये लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स या वाटेवर जातात. दोन्ही जागा तपासा. सगळे फाँट उचलून नव्यावर ओतू नका, विंडोजचे स्वतःचे फाँट तिथे आधीच आहेत. फक्त श्री, कृती, डीव्हीबी, शिवाजी वगैरे नावांचे निवडा. नव्यावर टाकताना फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. साध्या ‘इन्स्टॉल’ने टाकलेला फाँट वर्डमध्ये दिसतो पण पेजमेकर किंवा जुन्या कोरल या छपाई-डिझाइनच्या प्रोग्रामांत दिसत नाही, आणि मग लोक कोरल पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

काही राहिलं का ते बघायला वर्डमध्ये एक छान सोय आहे जी फारशी कुणी वापरत नाही. जुनं पत्र उघडा, ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये खाली ‘फाँट सब्स्टिट्यूशन’चं बटण आहे. त्या फाइलीत वापरलेला पण मशीनवर नसलेला प्रत्येक फाँट तिथे नावानिशी दिसतो. दहा-बारा वेगवेगळ्या काळातल्या फाइलींवर हे करून बघितलं की यादी पूर्ण होते. एक्सेलमध्ये अशी सोय नाही, तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं.

मंगल फाँट गायब असेल तर घाबरू नका. विंडोज ११ मध्ये देवनागरीसाठी निर्मला यूआय आधीपासून असतो; मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक भागात आहेत. सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये मराठी जोडली की ते आपोआप येतात. नाही आले तर ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये हेच नाव शोधून टाका.

टायपिंगचं सांगायचं तर गूगल इनपुट टूल्सचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं रूप गूगलनं कधीच काढून घेतलं आहे. कुठल्या तरी साइटवरून त्याची प्रत उतरवून ऑफिसच्या मशीनवर टाकू नका. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. इनस्क्रिप्ट (सरकारी मानक कीबोर्ड) वापरणाऱ्यांना तर काहीच करायचं नाही, मराठी जोडली की इनस्क्रिप्ट येतोच. श्रीलिपीचा कीबोर्ड मात्र श्रीलिपीच्या सॉफ्टवेअरसोबतच चालतो; नुसता फाँट नेला तर जुनी पत्रं वाचता येतील, नव्यानं टाइप करता येणार नाही. यूएसबी लॉकवाली (लायसन्सची यूएसबी लावावी लागणारी) आवृत्ती असेल तर ती विंडोज ११ वर चालते का, हे विक्रेत्याला जुनं मशीन मोडण्याआधी विचारा.

टॅली

इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी दोन्हीकडचं टॅलीप्राइमचं रिलीज एकच आहे याची खात्री करा. नव्यावर पुढचं रिलीज टाकून डेटा उघडला तर तो नव्या साच्यात बदलला जाऊ शकतो, आणि तसं झालं की जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. पंधरा दिवस दोन्ही मशीन वापरायचा बेत असेल तर तो तिथेच फसतो.

डेटाचा पाथ कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर दिसतो. तिथे जा, टॅली बंद करा आणि आकड्यांच्या नावाची कंपनी फोल्डरं जशी आहेत तशी, नाव न बदलता कॉपी करा. त्याशिवाय टॅलीच्या आतूनही ‘डेटा’ मेनूतला बॅकअप घ्या. दोन प्रकारच्या प्रती असल्या तर एक बिघडली तरी दुसरी कामाला येते. बिलाच्या छपाईसाठी डीलरनं टीडीएल (टॅलीत बदल करणारी जोड) बसवून दिलं असेल तर त्या फाइली वेगळ्या जागी असतात. त्यांचा पाथ लिहून ठेवा, नाहीतर नव्यावर आकडे बरोबर पण बिल भलत्याच साच्यात छापलं जाईल.

मग जुन्यावरून लायसन्स ‘सरेंडर’ (परत जमा) करा, आणि नंतरच नव्यावर सिरियल नंबर नि नोंदणीचा मेल टाकून सुरू करा. सरेंडर न करता जुनी डिस्क फॉरमॅट केली तर लायसन्स त्या गेलेल्या मशीनवर अडकून पडतं आणि रीसेटची वेगळी उस्तवार करावी लागते. दोन्ही मार्गांत नोंदणीचा मेल तुमच्या हातात असावा लागतो. बऱ्याच ऑफिसांत तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. हे आजच तपासा, सरेंडरच्या दिवशी नको.

नव्या लॅपटॉपवर टॅलीचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवू नका. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स अनेकदा गुपचूप वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात. टॅली लिहीत असताना वनड्राइव्ह त्याच फाइली वर चढवायला बघतं, आणि ५ जीबी भरले की सिंकच्या तक्रारी सुरू होतात. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा.

आउटलुक आणि ब्राउझर

पीओपी खातं म्हणजे मेल त्या मशीनवरच्या पीएसटी फाइलीत आहेत, सर्व्हरवर कदाचित काहीच नाही. आउटलुकमध्ये ‘अकाउंट सेटिंग्ज’मधला ‘डेटा फाइल्स’ टॅब उघडा, तिथे प्रत्येक फाइलीचा पाथ आहे. बहुधा एकापेक्षा जास्त निघतात. ‘आर्काइव्ह’ नावाची हमखास असते. ओएसटी फाइल मात्र नेऊन उपयोग नाही, ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत आहे, नव्यावर आपोआप तयार होते.

नव्या लॅपटॉपवर आधीच बसवून आलेलं ‘न्यू आउटलुक’ पीएसटी पूर्णपणे सांभाळत नाही. ऑफिससोबत येणारं क्लासिक आउटलुक टाका, पीएसटी स्थानिक फोल्डरात ठेवा, मग खातं जोडा. पहिल्या दिवशी ‘लीव्ह अ कॉपी ऑन सर्व्हर’वर टिक आहे का ते दोन्ही मशीनवर बघा. नसेल तर जे मशीन आधी मेल ओढेल त्याच्याकडे ते मेल राहतील, आणि नोटिशीचं मेल नेमकं दुसऱ्यावर शोधलं जाईल. सह्या ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या ‘मायक्रोसॉफ्ट, सिग्नेचर्स’ फोल्डरात आहेत. तिथूनच ‘टेम्प्लेट्स’मधली ‘नॉर्मल’ साचा फाइल आणि ‘यूप्रूफ’मधला स्वतःचा शब्दकोश घ्या. नावांची चुकीची स्पेलिंगं टाळायला वर्षभर शिकवलेला शब्दकोश पुन्हा शिकवणं कंटाळवाणं असतं.

क्रोमची प्रोफाइल आख्खी कॉपी करून नेली तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. क्रोम ते विंडोजच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीनं कुलूपबंद ठेवतो, आणि ती किल्ली दुसऱ्या मशीनवर नसते. म्हणून जुन्यावरच गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून ‘एक्स्पोर्ट’ करा. जी सीएसव्ही फाइल मिळते तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात; अशिलांचे आयकर नि जीएसटी लॉगिन त्यात आहेत, तेव्हा ती मेलनं किंवा व्हॉट्सॲपनं पाठवू नका. नव्यावर ‘इम्पोर्ट’ झाल्यावर दोन्हीकडून आणि एक्स्टर्नल डिस्कवरून शिफ्ट-डिलीट करा. सिंक वापरणार असाल तर क्रोम कुणाच्या खात्यानं लॉगिन आहे ते आधी बघा. ऑफिसचे पासवर्ड ऑपरेटरच्या घरच्या फोनवर सिंक होत असल्याचा शोध अनेकदा याच दिवशी लागतो. फायरफॉक्सचं सोपं आहे : ‘लॉगिन्स’ आणि ‘की४’ या दोन फाइली मिळून सोबत नेल्या की पासवर्ड येतात.

डीएससी, प्रिंटर आणि लॅपटॉपचा चिपसेट

डीएससी टोकनमधून हलवायचं काहीच नसतं, किल्ली टोकनच्या आतच आहे. नव्यावर टोकनच्या मेकचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करणारं साधन (जीएसटीसाठी एमसाइनर) टाकायचं. कॉम्प्युटर बदलला म्हणून पोर्टलवर डीएससी पुन्हा रजिस्टर करावी लागत नाही. पिन आठवत नसेल तर अंदाजे टाकत बसू नका. ठरावीक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं.

प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून ६४-बिटचा घ्या. कॅनन एलबीपी२९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० सारखी जुनी मशिनं ड्रायव्हरवर पूर्ण अवलंबून असतात, नुसती यूएसबी लावून चालत नाहीत. आणि लॅपटॉप अजून घेतला नसेल तर स्नॅपड्रॅगन चिपवाला घेऊ नका. त्यावर साधे प्रोग्राम अनुवाद होऊन चालतात, पण ड्रायव्हर एआरएमचाच (त्या चिपच्या जातीचाच) लागतो. जुना प्रिंटर, डीएससी टोकन, यूएसबी लॉक या तिन्हींवर तिथे पाणी सोडावं लागू शकतं. कर सल्लागारासाठी इंटेल किंवा एएमडी.

पतसंस्थांत आणि जुन्या ऑफिसांत डॉसवरचं फॉक्सप्रो हे जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर अजून चालू असतं. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, असा डॉसच्या काळातला १६-बिट प्रोग्राम त्यावर थेट चालत नाही. डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये (जुनं मशीन असल्याचं भासवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतो, पण डॉट मॅट्रिक्सवरची छपाई वेगळी जुळवावी लागते. ते जमेपर्यंत जुनं मशीन इंटरनेट काढून बाजूला चालू ठेवा.

नव्यावर पहिल्या तासात

मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरुवात केली की युजर फोल्डरचं नाव मेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं. नंतर ते बदलणं त्रासाचं, त्यामुळे नाव नीट हवं असेल तर सुरुवातीलाच विचार करा. नव्या लॅपटॉपची डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलपात बंद) होते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठते. ती उघडून कागदावर उतरवा आणि ऑफिसच्या फाइलीत लावा. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाल्यावर लॅपटॉप कधीतरी ती मागतो, आणि नेमका रिटर्नच्या शेवटच्या दिवसात मागितली तर कठीण.

जुनं ॲपडेटा फोल्डर नव्या ॲपडेटावर उलटं ओतू नका. एक्स्टर्नल डिस्कवर राहू द्या, लागेल ते एकेक उचला. जुन्या डिस्कवरून थेट घेताना ‘परमिशन नाही’ आलं तर ‘कंटिन्यू’ म्हणा आणि थांबा. लाखभर फाइलींचे हक्क बदलायला अर्धा-एक तास लागतो, मध्ये रद्द केलं तर अर्धवट राहतं.

जुना डेस्कटॉप किमान एक जीएसटी रिटर्न आणि एक टीडीएस तिमाही होईपर्यंत पुसू नका. राहिलेलं काही असेल तर याच दोन कामांत कळतं. जीएसटीची हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, तेव्हा एक्स्टर्नल डिस्कवरची प्रत खोडू नका, आणि शक्य तर दुसरी प्रत ऑफिसबाहेर ठेवा. विकण्याआधी फिरती डिस्क विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या कमांडमधल्या ‘क्लीन ऑल’ने पुसा, ‘फॉरमॅट’ क्विक असेल तर फक्त यादी जाते, मजकूर राहतो. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतील. कमांड देण्याआधी ‘लिस्ट डिस्क’मध्ये आकार बघून डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा, आणि त्या वेळी एक्स्टर्नल डिस्कची वायर काढून ठेवा.